कापड व्यापाऱ्याच्या मुलाने भर गावासमोर अंगावरचे कपडेही परत दिले : असिसीच्या चढउतारांवर भेटणारा संत फ्रान्सिस

ओल्ड गोव्याला गेलेला जवळपास प्रत्येक माणूस बॉम जीझस बॅसिलिकात जाऊन येतो. तिथे संत फ्रान्सिस झेवियरचं शव आहे. रस्ता ओलांडला की समोर से कॅथेड्रल लागतं आणि त्याच आवारात आणखी एक जुनं चर्च आहे, सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी. त्याच्या मठाच्या इमारतीत आता पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे.

बरेच पर्यटक समजतात की दोन्हीकडचा फ्रान्सिस एकच.

तसं नाहीये. झेवियर सोळाव्या शतकातला स्पॅनिश जेझुइट. असिसीचा फ्रान्सिस त्याच्या सव्वातीनशे वर्षं आधी जन्मला, इटलीतल्या एका डोंगरउतारावरच्या गावात. तो आयुष्यात कधी भारताच्या जवळपासही आला नव्हता. पण त्याचे अनुयायी १५१७ मध्ये गोव्यात पोहोचले. गोव्यात मठ करून राहिलेला पहिला ख्रिस्ती संन्यासी संघ त्यांचाच.

हा माणूस नेमका कोण होता, हे समजून घ्यायचं तर पुस्तकापेक्षा पायाखालचा रस्ता जास्त उपयोगी पडतो. कारण त्याच्या चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यातल्या बहुतेक मोठ्या घटना एका दिवसात चालून होतील एवढ्या परिसरात घडल्या. चला तर मग, असिसी चालून बघू.

स्टेशन खाली, गाव वर

रोमहून रेल्वेने दोन-अडीच तासांत असिसी स्टेशन येतं. पण उतरल्यावर गाव दिसत नाही, गाव लांब वर दिसतं. स्टेशन सपाटीवर आहे आणि असिसी माँते सुबासिओ नावाच्या डोंगराच्या अंगावर, साधारण चार किलोमीटरवर. याच डोंगरातल्या फिकट गुलाबी-पांढऱ्या दगडात सगळं गाव बांधलेलं आहे. संध्याकाळच्या उन्हात ते अख्खं गुलाबी दिसतं.

खालून बघितलं की गावाच्या डाव्या टोकाला कमानींच्या रांगांवर उभी असलेली एक अवाढव्य वास्तू नजरेत भरते. ती फ्रान्सिसची बॅसिलिका. तिथे आपण सगळ्यात शेवटी जाणार आहोत. कारण फ्रान्सिसही तिथे सगळ्यात शेवटीच गेला, आणि तोसुद्धा स्वतःच्या पायांनी नाही.

पहिला थांबा : कापडाचं दुकान

चढण चढून गावाच्या मधोमध आलं की पियाझ्झा देल कोमुने हा चौक लागतो. इथे सहा उंच खांबांचं रोमन काळातलं मिनर्व्हा देवीचं मंदिर आहे. इसवीसनापूर्वी पहिल्या शतकातलं. आत आता चर्च आहे, पण दर्शनी भाग जवळपास जसाच्या तसा. फ्रान्सिस लहानपणी ज्या खांबांभोवती खेळला असेल तेच हे खांब.

चौकातून दोन पावलं खाली उतरलं की किएझा नुओव्हा नावाचं चर्च आहे. ते १६१५ मध्ये बांधलं गेलं. परंपरेनुसार पिएत्रो दि बर्नार्दोने या कापड व्यापाऱ्याचं घर आणि दुकान याच जागेवर होतं.

११८१ किंवा ११८२ साली पिएत्रोला मुलगा झाला. बाप तेव्हा व्यापारासाठी फ्रान्सला गेला होता. आईने बाळाचं नाव ठेवलं जोव्हान्नी. बाप परत आला आणि त्याने नाव बदलून फ्रान्चेस्को केलं, म्हणजे साधारण आपल्याकडे फ्रान्सवाला म्हणावं तसं. ज्या देशातून भारी कापड आणून पैसा केला, त्याचंच नाव पोराला.

पोरगा बापाच्या पैशावर मजेत वाढला. भारी कपडे, मित्रांच्या मैफली, फ्रेंच गाणी, रात्री गल्ल्यांतून आरडाओरडा. दुकानावर बसून विक्रीही चांगली करायचा. पिएत्रोला खर्चाबद्दल कुरकुर करायची सवय होती, पण आतून अभिमानही होता. व्यापाऱ्याचा मुलगा उमरावांच्या पोरांत उठबस करतोय, आणखी काय हवं होतं?

फक्त एकच गोष्ट कमी होती. सरदारकी.

दुसरा थांबा : किल्ला आणि तुरुंग

गावाच्या डोक्यावर रोक्का माज्जोरे हा किल्ला आहे. चढण दमवणारी आहे, पण वरून सगळं खोरं दिसतं आणि समोर पलीकडच्या टेकडीवर पेरुजा शहर.

आज दिसणारा किल्ला चौदाव्या शतकात पुन्हा बांधलेला. त्याआधीचा किल्ला ११९८ साली असिसीच्या लोकांनीच पाडला होता. तो जर्मन सम्राटाच्या सत्तेचा होता. सत्ता डळमळली तशी व्यापारी आणि कारागीर उठले, किल्ला पाडला आणि उमरावांच्या घरांवर चाल करून गेले. पळालेले उमराव पेरुजाच्या आश्रयाला गेले. त्यांत क्लारा नावाच्या एका लहान मुलीचं कुटुंबही होतं. हे नाव लक्षात ठेवा.

मग पेरुजा आणि असिसीत लढाई पेटली. १२०२ साली कोलेस्त्रादा इथे असिसीचा पराभव झाला आणि विशीतला फ्रान्सिस कैद झाला. सुमारे वर्षभर तो पेरुजाच्या तुरुंगात होता. सुटून आला तो आजारी होऊनच. बरेच महिने अंथरुणावर गेले.

तरीही सरदार व्हायची हौस गेली नव्हती. १२०५ च्या सुमाराला तो नवी शस्त्रं आणि घोडा घेऊन दक्षिणेच्या युद्धावर निघाला. पण जेमतेम दिवसभराच्या अंतरावरच्या स्पोलेतोपर्यंत पोहोचला आणि तिथून मागे फिरला. चरित्रकार सांगतात की त्याला रात्री स्वप्नात काहीतरी ऐकू आलं. कारण काहीही असो, गावाने बघितलं ते एवढंच की पिएत्रोचा पोरगा वाजतगाजत लढाईला गेला आणि लढाई न बघताच परत आला.

तिसरा थांबा : सान दामियानो

गावाच्या वेशीबाहेर, ऑलिव्हच्या बागांमधून खाली उतरणारी एक वाट आहे. पंधरा-वीस मिनिटांत सान दामियानो येतं. आज इथे शांत, छोटा मठ आहे. तेव्हा हे पडायला आलेलं चर्च होतं.

लढाईवरून परतलेला फ्रान्सिस बदलला होता. एकटा भटकायचा. याच काळात त्याची गाठ एका कुष्ठरोग्याशी पडली. कुष्ठरोग्यांना गावाबाहेर खाली सपाटीवर ठेवलं जायचं आणि फ्रान्सिसला त्यांची भयंकर किळस होती. वास आला तरी नाक दाबून लांब जायचा. त्या दिवशी तो घोड्यावरून उतरला, त्याला पैसे दिले आणि त्याच्या हाताचं चुंबन घेतलं.

पुढे मरणाआधी त्याने जे मृत्युपत्र सांगून लिहवून घेतलं, त्याची सुरुवातच कुष्ठरोग्यांपासून होते. आपलं आयुष्य कुठे वळलं, याचं त्याने स्वतः दिलेलं उत्तर हे आहे.

त्यानंतर सान दामियानोत प्रार्थना करताना तिथल्या रंगवलेल्या क्रुसावरचा ख्रिस्त आपल्याला हे पडकं घर दुरुस्त करायला सांगतोय, असं त्याला वाटलं. त्याने ते शब्दशः घेतलं. दुकानातून भारी कापडाचे तागे उचलले, घोड्यावर लादले, शेजारच्या फोलिन्यो गावात जाऊन विकले. घोडाही विकला. पैसे घेऊन सान दामियानोच्या पाद्र्याकडे आला. पाद्री शहाणा होता. पिएत्रोच्या भीतीने त्याने पैशाला हात लावला नाही.

मग पिएत्रो संतापला. पोरगा लपून बसला. काही दिवसांनी मळक्या, खंगलेल्या अवस्थेत गावात आला तेव्हा लोकांनी त्याच्यावर चिखल आणि दगड मारले. बापाने ओढत घरी नेलं आणि कोंडून ठेवलं. बाप परगावी गेल्यावर आईने त्याला सोडवलं.

चौथा थांबा : बिशपचा वाडा

गावाच्या खालच्या अंगाला सांता मारिया माज्जोरे हे चर्च आणि त्याला लागून बिशपचा वाडा आहे. १२०६ साली बाप-लेकाचं प्रकरण इथे बिशप ग्विदोसमोर आलं. बापाची मागणी सरळ होती. पैसे परत दे आणि वारसा सोडून दे.

फ्रान्सिसने पैसे परत केले. मग सगळ्यांच्या देखत अंगावरचे कपडे काढले, तेही बापासमोर ठेवले आणि जाहीर केलं की यापुढे आपला बाप फक्त स्वर्गातला. बिशपने आपला झगा पुढे करून त्याला झाकलं.

ही घटना सांगताना आपण नेहमी मुलाच्या बाजूने उभे राहतो. पण क्षणभर पिएत्रोच्या बाजूने बघा. दुकानातला माल त्याला न विचारता विकला गेलाय. ज्या मुलावर आयुष्यभर खर्च केला, तो भर गावासमोर उघडा उभा राहून म्हणतोय की तू माझा बाप नाहीस. आणि तेही कापडवाल्याच्या मुलाने कपडे काढून.

पुढे दोघांचा समेट झाल्याचं जुन्या चरित्रांत कुठेही येत नाही. उलट एक आठवण येते. फ्रान्सिस भीक मागताना रस्त्यात दिसला की बाप त्याला शाप द्यायचा. म्हणून फ्रान्सिसने एका गरीब माणसाला आपल्यासोबत घेतलं. बापाने शाप दिला की त्या माणसाने आशीर्वाद द्यायचा. म्हणजे शाप त्याला लागत होते. फरक पडत नसता तर अशी सोय करावी लागली नसती.

आज या जागेला वस्त्रत्यागाचं तीर्थस्थान म्हणतात. इथेच कार्लो अकुतिस या मुलाची समाधी आहे. हा २००६ मध्ये पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेला. त्याला कॉम्प्युटरचं वेड होतं आणि त्याने धार्मिक विषयावर वेबसाइट बनवली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याला संत घोषित करण्यात आलं. काचेआड तो जीन्स आणि स्पोर्ट्स शूजमध्ये दिसतो. फ्रान्सिसने जिथे कपडे काढले तिथे आज जगभरातली पोरं एका जीन्समधल्या संताला बघायला रांग लावतात.

पाचवा थांबा : माशांच्या टोपलीचं भाडं

आता पुन्हा खाली सपाटीवर. स्टेशनजवळ सांता मारिया देल्यी आंजेली ही घुमटाची भलीमोठी बॅसिलिका आहे. आत गेल्यावर मधोमध एक दगडी, छोटंसं, जेमतेम एका खोलीएवढं चर्च उभं दिसतं. मोठं चर्च या छोट्या चर्चभोवती बांधलंय. याचं नाव पोर्झियुंकोला, म्हणजे जमिनीचा लहानसा तुकडा.

ही जागा डोंगरावरच्या बेनेडिक्टाइन मठाची होती. त्यांनी ती फ्रान्सिसला वापरायला दिली. त्याने मालकी घेतली नाही. सांगतात की जागा आपली नाही हे विसरायला नको म्हणून तो दरवर्षी मठाला भाडं पाठवायचा, टोपलीभर मासे.

तोवर त्याच्याभोवती माणसं जमू लागली होती. आधी एक श्रीमंत गृहस्थ सगळं वाटून आला, मग दुसरा, तिसरा. १२०९ साली बाराजण चालत रोमला गेले आणि पोप इनोसंट तिसरा याच्यासमोर उभे राहिले. मागणी विचित्र होती. आम्हाला काहीही मालकीचं नको, याची परवानगी द्या.

पोपसाठी हा साधा निर्णय नव्हता. गरिबीचा प्रचार करणारे, श्रीमंत चर्चवर टीका करणारे अनेक गट तेव्हा युरोपात फिरत होते आणि त्यांतल्या काहींना पाखंडी ठरवलं गेलं होतं. फ्रान्सिस मात्र पाद्र्यांना शिव्या देत नव्हता. स्वतः जगून दाखवायचं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. पोपने तोंडी परवानगी दिली.

सहावा थांबा : क्लाराचं चर्च

गावाच्या उजव्या टोकाला सांता क्यारा बॅसिलिका आहे. लहानपणी पेरुजाला पळालेली ती क्लारा आता अठरा वर्षांची होती. १२१२ च्या सुमाराला पाम संडेच्या रात्री ती घरातून पळाली आणि अंधारातून पोर्झियुंकोलाला पोहोचली. तिथे फ्रान्सिसने तिचे केस कापले. काका-मामा तिला न्यायला आले तेव्हा तिने डोक्यावरचं कापड बाजूला करून कापलेले केस दाखवले. त्यानंतर त्यांचं काही चाललं नाही.

ज्यांची घरं व्यापाऱ्यांनी जाळायची आणि ज्यांच्याविरुद्ध फ्रान्सिस लढला, त्याच उमरावांच्या घरातली ही मुलगी. पुढची चाळीसहून जास्त वर्षं ती सान दामियानोत राहिली. अनेक पोपांनी तिच्या मठाला मालमत्ता घ्यायला सुचवलं, तिने नकार दिला. तिने स्वतः लिहिलेल्या नियमांना पोपची मान्यता मिळाली ती ९ ऑगस्ट १२५३ ला. दोनच दिवसांनी ती वारली.

फ्रान्सिसशी बोललेला तो रंगवलेला क्रूस आता क्लाराच्या बॅसिलिकात आहे. आणि एक गंमत. आजारी असताना तिला दूरच्या चर्चमधली प्रार्थना खोलीच्या भिंतीवर दिसली अशी आख्यायिका आहे, म्हणून १९५८ मध्ये पोपने तिला टेलिव्हिजनची आश्रयदाती संत ठरवलं.

सुलतानासमोर

१२१९ साली फ्रान्सिस इजिप्तला गेला. पाचवं क्रुसेड चालू होतं, ख्रिस्ती सैन्याने नाईलच्या मुखावरच्या दामिएत्ता शहराला वेढा घातला होता. फ्रान्सिस एका सोबत्याला घेऊन निःशस्त्र शत्रूच्या तळावर गेला आणि सुलतान अल-कामिलला भेटला. हा सलाहुद्दीनचा पुतण्या. सुलतानाने त्याला ऐकून घेतलं आणि सुखरूप परत पाठवलं. तेव्हा ख्रिस्ती सैन्याच्या तळावर असलेल्या एका बिशपनेही या भेटीची नोंद केली आहे.

धर्म दोघांपैकी कुणीच बदलला नाही. युद्धही थांबलं नाही. पण क्रुसेडच्या ऐन धामधुमीत दोन माणसं समोरासमोर बसून बोलली, ही गोष्ट आठशे वर्षं टिकली. १९८६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी सगळ्या धर्मांच्या नेत्यांना शांततेच्या प्रार्थनेसाठी एकत्र बोलावलं, ते असिसीतच. दलाई लामाही तिथे होते.

स्वतःच्याच संघात परका

इजिप्तहून परतलेल्या फ्रान्सिसला दिसलं की संघ आता बारा जणांचा राहिलेला नाही. हजारो माणसं आली होती. त्यांना घरं हवी होती, पुस्तकं हवी होती, शिस्त हवी होती. हजारो माणसांना रोज उद्याची चिंता न करता जगायला सांगणं सोपं नसतं.

एक प्रसंग सांगितला जातो. पोर्झियुंकोलाजवळ संन्याशांसाठी पक्कं घर बांधलेलं फ्रान्सिसने बघितलं. तो छपरावर चढला आणि कौलं काढून खाली फेकू लागला. खालून कुणीतरी ओरडलं की हे घर गावाचं आहे, आपलं नाही. तेव्हा कुठे तो थांबला.

१२२० मध्ये त्याने संघाचं प्रमुखपद सोडलं. १२२३ मध्ये पोपने मंजूर केलेली नियमावली आधीच्या मसुद्यापेक्षा पुष्कळ मवाळ होती.

त्याच वर्षीच्या नाताळात ग्रेच्चो गावी त्याने खरा बैल, खरं गाढव आणि गवताची गव्हाण मांडून ख्रिस्तजन्माचा देखावा केला. वसईत, गोव्यात घरोघरी नाताळचा गोठा करतात, त्या प्रथेचं मूळ सांगताना या रात्रीचं नाव घेतलं जातं.

तो जास्तीत जास्त एकांतात जाऊ लागला. असिसीच्या वर चार किलोमीटरवर, सुबासिओच्या ओक झाडांच्या जंगलात एरेमो देल्ले कार्चेरी आहे. तिथे कपारींमध्ये तो आणि सोबती राहायचे. ही चढण जरूर चढा. पक्ष्यांना उपदेश करणारा फ्रान्सिस, लांडग्याला माणसाळवणारा फ्रान्सिस या आख्यायिका आहेत, पण इथल्या जंगलात त्या खोट्या वाटत नाहीत. १९७९ मध्ये त्याला पर्यावरणाचं काम करणाऱ्यांचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केलं गेलं, ते उगाच नाही.

१२२४ मध्ये ला वेर्ना डोंगरावर असताना त्याच्या हातापायांवर आणि कुशीत क्रुसावरच्या ख्रिस्तासारख्या जखमा उमटल्या, असं त्याच्या सोबत्यांनी नोंदवलंय.

डोळे गेले तेव्हा सूर्याचं गाणं

इजिप्तहून तो डोळ्यांचा आजार घेऊन आला होता. तो वाढत गेला. उपचार म्हणून तापवलेल्या लोखंडी सळीने कानापासून भुवईपर्यंत डागण्यात आलं. त्याने आधी अग्नीलाच भाऊ म्हणून विनंती केली की जरा सांभाळून घे.

१२२५ मध्ये, उजेडही सहन होत नसताना, सान दामियानोतल्या झोपडीत त्याने सूर्याला भाऊ आणि चंद्राला बहीण म्हणणारं स्तोत्र रचलं. लॅटिनमध्ये नाही, गावातल्या लोकांच्या बोलीत. इटालियन साहित्याच्या अगदी सुरुवातीच्या रचनांमध्ये ते मोजलं जातं. पुढे असिसीचा बिशप आणि नगरप्रमुख यांच्यात टोकाचं भांडण झालं तेव्हा त्याने क्षमेबद्दलचं कडवं वाढवलं आणि सोबत्यांना दोघांसमोर गायला पाठवलं. ते ऐकून दोघांनी भांडण मिटवलं. ज्याला स्वतःच्या बापाशी समेट करता आला नाही, त्याने गावातली दोन मोठी माणसं एकत्र आणली.

इथे एक खुलासा. शांतीचं साधन बनव अशी मागणी करणारी जी प्रार्थना फ्रान्सिसच्या नावाने व्हॉट्सअपवर फिरते, ती त्याची नाही. ती पहिल्यांदा १९१२ मध्ये एका फ्रेंच मासिकात छापून आली.

शव पळवतील म्हणून पहारा

१२२६ च्या शरद ऋतूत तो मरणार हे स्पष्ट झालं. आणि एकेकाळी चिखल मारणाऱ्या असिसीने त्याच्याभोवती पहारा बसवला. कारण? पेरुजाने शव पळवलं तर! संताचं शव म्हणजे यात्रेकरू, प्रतिष्ठा आणि पैसा.

त्याला पोर्झियुंकोलातच मरायचं होतं. बिशपच्या वाड्यातून त्याला उचलून खाली नेताना वाटेत त्याने थांबायला सांगितलं, न दिसणाऱ्या गावाकडे तोंड केलं आणि आशीर्वाद दिला. शेवटच्या दिवसांत त्याने रोमच्या याकोपा नावाच्या उमराव मैत्रिणीला बोलावलं आणि ती करायची ती बदामाची मिठाई मागितली. मग कपडे काढून उघड्या जमिनीवर ठेवायला सांगितलं. ३ ऑक्टोबर १२२६ ला तो गेला.

शेवटचा थांबा : बॅसिलिका

आता गावाच्या डाव्या टोकाला. दोन वर्षांत, १६ जुलै १२२८ ला पोप ग्रेगरी नववा याने फ्रान्सिसला संत घोषित केलं आणि दुसऱ्याच दिवशी या बॅसिलिकेची पायाभरणी केली. ही टेकडी गुन्हेगारांना फाशी द्यायची जागा होती असं सांगतात, तिला नरकाची टेकडी म्हणत. आता तिचं नाव स्वर्गाची टेकडी झालं.

काम बघत होता फ्रान्सिसचाच सोबती एलिया. सांगतात की त्याने देणग्यांसाठी संगमरवरी पेटी ठेवली, आणि फ्रान्सिसचा जिवलग सोबती लिओ याने ती फोडून टाकली. लिओला चोप मिळाला.

पेटी फुटली, पण बांधकाम थांबलं नाही. १२३० मध्ये फ्रान्सिसचं शव इथे आणून चोरीच्या भीतीने इतकं खोल पुरलं की पुढे जागाच विसरली गेली. १८१८ मध्ये ५२ रात्री खणल्यावर ते सापडलं. त्याच १२३० मध्ये पोपने निर्णय दिला की फ्रान्सिसचं मृत्युपत्र संघावर बंधनकारक नाही. पुढे वाद इतका चिघळला की १३१८ मध्ये मार्सेय शहरात चार फ्रान्सिस्कन संन्याशांना जिवंत जाळलं गेलं. फ्रान्सिससारखी कडक गरिबी पाळण्याच्या हट्टापायी त्यांनी वरिष्ठांची आज्ञा मोडली होती.

मग ही बॅसिलिका म्हणजे फ्रान्सिसचा विश्वासघात का? उत्तर तितकं सोपं नाही. वरच्या चर्चमध्ये जोत्तोच्या नावावर असलेली २८ भित्तिचित्रं आहेत. त्यांत कपडे काढणारा मुलगा आहे आणि हातावर कपडे घेऊन, मुठी आवळून पुढे आलेला बापही आहे. लोकांनी त्याला मागून धरलंय. वाचता न येणाऱ्या लाखो लोकांपर्यंत फ्रान्सिस पोहोचला तो याच भिंतींवरून.

२६ सप्टेंबर १९९७ ला भूकंपात या चर्चचं छत कोसळलं आणि आत पाहणी करणारे चौघे ठार झाले, त्यांत दोन संन्यासी. चित्रांचे हजारो तुकडे गोळा करून कारागिरांनी ते जुळवले. दोन वर्षांत चर्च पुन्हा उघडलं. २००० मध्ये असिसीला जागतिक वारसा दर्जा मिळाला.

तळघरात उतरलं की दगडी खांबात बसवलेली फ्रान्सिसची साधी शवपेटी दिसते. चार कोपऱ्यांत चार सोबती आहेत. त्यांतला एक लिओ. ज्या इमारतीची पेटी त्याने फोडली, तिच्याच पोटात तो आज मित्राजवळ झोपलाय. समोर याकोपाही आहे.

आणि आपल्याकडे?

फ्रान्सिसच्या मार्गाने गेलेला एक माणूस आपल्या वसईचा होता. गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई इथली. मनिलात तो फ्रान्सिस्कन धर्मबंधू झाला, जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत २५ जणांसोबत क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संत घोषित केलं गेलं. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत.

२०१३ मध्ये अर्जेंटिनाच्या कार्डिनलनी पोप झाल्यावर फ्रान्सिस हे नाव घेतलं. ते स्वतः जेझुइट, म्हणजे झेवियरच्या संघाचे. तरी नाव घेतलं ते असिसीच्या कापड व्यापाऱ्याच्या मुलाचं. २०२६ हे त्या मुलाच्या निधनाचं ८०० वं वर्ष.

असिसीला जाणं प्रत्येकाला जमेल असं नाही. पण पुढच्या वेळी ओल्ड गोव्यात बॉम जीझसमधून बाहेर पडलात की लगेच गाडीकडे वळू नका. रस्ता ओलांडा आणि दुसऱ्या फ्रान्सिसलाही भेटून या.